पैलवानाच्या पोटऱ्या

नांदेड,
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय अज्जा,

शरणु शरणार्थी.

तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं. कानाचं मशीन तुम्ही तालमीतल्या मारुतीच्या गळ्यात अडकवून ठेवलंय, असं मामा सांगत होते. मारुतीला आता उदगीरचं सगळं ऐकू येत असेल, पण मला जे सांगायचंय ते तुम्हाला सांगायचंय. म्हणून पत्र. आमच्या शेजारच्या साखराबाई नांदेड-उदगीर गाडीवर कंडक्टर आहेत. त्या हे तालमीत आणून देतील आणि तुमचं उत्तरही त्याच घेऊन येतील.

आज राखी. शिवदादाला ओवाळून होतं न होतं तोच तो म्हणाला, "मामाच्या पुनमशी ठरलं माझं. मार्गशीर्षात, उदगीरला." घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आधी दोघांचं रक्त तपासा." बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई स्वयंपाकघरात निघून गेली. दादा मान खाली घालून म्हणाला, "अज्जा म्हनतील तसं."

तर अज्जा, आता तुम्हीच म्हणा.

माझ्या पायांना काय झालंय हे तुम्हाला कुणी धड सांगितलेलं नाही. आई तुमची लेक, पण तुमच्यापुढे उभी राहिली की तिची बोबडी वळते. पोरगी अभ्यासाने वाळली, असं काहीतरी तिने सांगितलं असणार. खरं असं आहे की मला स्नायूंचा आजार आहे आणि तो जन्मापासून आहे. जूनमध्ये माझं रक्त हैदराबादला पाठवलं होतं, त्याचा कागद आला. जिना मला आता चढता येत नाही. जुलैपासून मी चाकाच्या खुर्चीवर एम.एस्सी.च्या वर्गात जाते. औषध अजून निघालेलं नाही.

हा आजार होतो कसा ते ऐका. आईकडून एक आणि बापाकडून एक, असा दोन्हीकडून दोष आला तरच होतो. एकाच बाजूने आला तर माणूस ठणठणीत राहतो, फक्त त्याच्या नकळत पुढे देतो. माझी आई तुमची लेक. माझे बाबा म्हणजे तुमच्या बहिणीचा, शांतम्मा अज्जीचा मुलगा. मामाची मुलगी केली, घरातलं सोनं घरात राहिलं, असं तुम्ही लग्नात सगळ्यांना सांगितलं होतंत म्हणे. सोन्याबरोबर हेही घरातच राहिलं. आता दादा आणि पुनम दोघांच्याही रक्तात तो दोष असला, तर त्यांच्या प्रत्येक मुलामागे चारात एक भीती आहे. नसला तर मी स्वतः वरातीत खुर्ची नाचवीन. पण आधी तपासायचं. एवढंच म्हणणं आहे.

तुमचा शब्द घरात कुणी मोडत नाही. म्हणून तो शब्द मला हवाय.

तुमची,
दामिनी


उदगीर,
२७ ऑगस्ट २०२४

चि. दामिनी हिला बसलिंगप्पा वस्तादाचे आशीर्वाद.

पत्र पोचले. साखराबाईंनी तालमीच्या दारात उभे राहून अशी हाक मारली की लढत धरलेली जोड सुटली.

तू आजारी आहेस हे वाचून वाईट वाटले. पण तू लिहितेस तसले काही आपल्या खानदानात नाही. माझे वडील पैलवान, मी पैलवान. हैदराबादपासून सोलापूरपर्यंत माझी पाठ कुणी मातीला लावली नाही. असल्या रक्तात दुबळेपणा येईल कुठून? हैदराबादच्या त्या माणसांनी दुसऱ्या कुणाचा कागद तुला दिला असेल. असे होते.

मी तुला लहानपणी पाहिले आहे. आठ वर्षांची होतीस, सुट्टीत यायचीस. तुझ्या पोटऱ्या बघून मी आल्यागेल्याला हाक मारून दाखवायचो, "हे बगा, पैलवानाच्या पोटऱ्या!" पोरगी म्हणून जन्मली नसतीस तर फड गाजवला असतास. रोज अंगणात माझ्या पुढ्यात दोनशे बैठका मारायचीस. नांदेडला गेलीस, बैठका सुटल्या, खुराक सुटला, म्हणून पाय गळाले. त्यात नवल ते काय?

तू इकडे ये. महिनाभर माझ्याजवळ राहा. तिळाच्या तेलाने मालिश करवतो, बदाम घोटून दूध देतो. पहिल्या आठवड्यात दहा बैठका, मग वीस, मग पन्नास. कार्तिकीपर्यंत खुर्ची भंगारात घालू.

लग्नाचे म्हणशील तर मामाची पोर करणे हे आपल्यात आजचे नाही. रक्त तपासून लग्ने लावायची म्हणजे बाजारातले जनावर झाले. हा विषय पुन्हा काढू नकोस. पुनमच्या कानावर तर मुळीच घालू नकोस.

प्रकृतीला जप.

बसलिंगप्पा


नांदेड,
२ सप्टेंबर २०२४

प्रिय अज्जा,

शरणु.

आज पोळा. खाली गल्लीत मुलं मातीचे बैल घेऊन फिरताहेत. मी खिडकीत बसून तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं.

बैठका! अज्जा, तुम्हाला पोटरीतलं सगळं कळतं असा तुमचा दावा आहे ना? मग आज जरा माझ्याकडून ऐका. मी ह्याच विषयात एम.एस्सी. करते आहे, उगाच नाही.

जत्रेत तुमच्या फडाला कनात लावतात. कापड कितीही जाड असो, ते उभं राहतं खुंट्यांवर आणि दोरांवर. स्नायूचंही तसंच आहे. स्नायूचा एकेक धागा म्हणजे एक लांबट पिशवी. पिशवीच्या आत ओढणाऱ्या दोऱ्या असतात, त्यांच्यामुळे हातपाय हलतात. पिशवीच्या बाहेर जाळीचं चिवट वेष्टन असतं. मधला पडदा मात्र अगदी पातळ. आतलं आणि बाहेरचं एकमेकांना धरून राहावं म्हणून त्या पडद्यात प्रथिनांच्या खुंट्या ठोकलेल्या असतात. एक मोठी खुंटी, तिला डिस्ट्रोग्लायकन म्हणतात. तिच्या शेजारी चौघांचा एक जुडगा, त्याला सार्कोग्लायकन म्हणतात. चौघं एकमेकांच्या आधाराने उभे असतात. त्यांतला एक नसला की बाकीच्या तिघांचाही टिकाव लागत नाही. माझ्यात एक नाही.

मग पाय आखडला, सैल झाला, की सगळा ताण त्या पातळ पडद्यावर येतो आणि तो फाटतो. तुमचाही थोडाफार फाटतो, पण लगेच शिवला जातो. माझा रोज इतक्या ठिकाणी फाटतो की शिवणारं शरीर थकून जातं. मग ते धाग्याच्या जागी चरबीचा भराव घालतं. पोटरी बाहेरून भरदार दिसते. तुम्ही हाका मारून ज्या पोटऱ्या लोकांना दाखवत होतात त्यांत ताकद नव्हती, अज्जा. भराव होता. दहा गावच्या पैलवानांच्या मांड्या चाचपून वजन सांगणाऱ्या वस्तादाला नातीची पोटरी ओळखता आली नाही.

आणि पडदा सगळ्यात जास्त कधी फाटतो, ठाऊक आहे? वजन पेलता पेलता स्नायू लांबतो तेव्हा. म्हणजे बैठकीत खाली जाताना. रोज दोनशे वेळा. मी रडायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "रडून मार, पन मार." फाटलेल्या स्नायूचा रंग उतरून रात्री लघवी चहासारखी व्हायची ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही नाराज झाला असतात. आजार बैठकांनी झाला असं मी म्हणत नाही. तो होताच. बैठकांनी त्याला घाई केली.

म्हणून मी येणार नाही. मालिशला नाही, बदामाला नाही. आणि विषय पुन्हा काढणार. दर पत्रात काढणार. साखराबाईंना सुट्टी नसेल त्या प्रत्येक दिवशी काढणार.

दामिनी


उदगीर,
१५ सप्टेंबर २०२४

दामिनी,

वडीलधाऱ्या माणसाशी असे बोलायचे तुला विद्यापीठात शिकवतात काय?

तुझे पत्र आप्पासाहेबाने वाचले. तुझा मामा आहे तो, नवरीचा बाप आहे. त्याचे डोके फिरले. पोरीच्या लग्नात विघ्न आणणारी भाची नको म्हणाला. मी त्याला गप्प केले. पण तो चुकीचे काय बोलला?

तू फार हुशार ना, मग एका सवालाचा जवाब दे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तीस वर्षांमागे रक्त तपासले असते तर तुझ्या आईबापाचे लग्न झाले नसते. मग तू कुठून आली असतीस? तुझ्यासारखी पोर जन्मूच नये, असे तुझे म्हणणे आहे काय? तसे असेल तर तसे लिही. मी ते कबूल करणार नाही. मला तू हवी होतीस आणि आहेस.

पत्रिका छापायला टाकल्या आहेत. लग्न ठरल्या दिवशी होईल.

बसलिंगप्पा


नांदेड,
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय अज्जा,

तुमच्या सवालाने मला दोन आठवडे झोपू दिलं नाही. डाव चांगला टाकलात. पहिल्यांदा वाटलं, चितपट झाले. आता जवाब घ्या.

माझ्यासारखी जन्मू नये असं मी म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. मला माझा जीव प्यारा आहे. मला आंबट चिंचेचं सार आवडतं, सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावला की जेवायचं भान राहत नाही, गोदावरीच्या घाटावर खुर्ची लावून दिवे बघायला आवडतात. मी कुणाची चूक नाही. पण अज्जा, जन्माला घाला तर डोळे उघडे ठेवून घाला. दादाने आणि पुनमने सगळं कळल्यावर ठरवावं. लग्न करायचं की नाही, मूल कसं, कधी, ते त्यांचं त्यांनी बघावं. आणि माझ्यासारखी एखादी आलीच, तर तिला पहिल्या दिवसापासून कुणीतरी नीट धरावं. तिच्याकडून अंगणात बैठका मारून घेऊ नयेत. मला माझ्या असण्याची नाही, तुमच्या न ऐकण्याची चीड आहे.

आता दुसरी गोष्ट.

परवा सकाळी मी पलंगावरून उठत होते. मला सरळ उठता येत नाही. आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर, मग कमरेवर, असं करत उभी राहते. शांतम्मा अज्जी दारात जप करत बसली होती. ती बघत राहिली आणि एकाएकी म्हणाली, "गौरी आशीच उठायची. सोताच्याच अंगावर चढून."

मी विचारलं, कोण गौरी? तिने रुद्राक्षाची माळ चटकन पदराखाली घेतली. "कुनी न्हाई गं. लई जुनी बात हाय." मी सोडते होय? खुर्ची दारात आडवी लावली. तिला देवघरातही जाता येईना. शेवटी एवढंच म्हणाली, "आमची मधली भैन. गौरम्मा. आन्नाला इचार. म्या कायबी बोलनार न्हाई."

आईला विचारलं. आईला तिच्या ह्या आत्याबद्दल एवढंच माहीत होतं की ती लहानपणी माळवदावरून पडली आणि पाय मोडून गेली. हे तिला तुम्हीच सांगितलं होतं.

अज्जा, माळवदावरून पडलेलं माणूस स्वतःच्या अंगावर चढून उठत नाही.

गौरम्माचं काय झालं?

दामिनी


नांदेड,
१४ ऑक्टोबर २०२४

अज्जा,

पंधरा दिवस झाले. साखराबाई रोज रिकाम्या हाताने येतात. म्हणाल्या, "वस्ताद बसलेत तालमीत. इचारलं तर नुसते बगतात." दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायलाही बाहेर पडला नाहीत, असं पुनमने आईला फोनवर सांगितलं.

मी उत्तर मिळेपर्यंत थांबणार नाही. लग्नाच्या दिवशी मी उदगीरला येणार. मंडपाच्या दारात मधोमध खुर्ची लावणार आणि अक्षता पडायच्या आधी जे माहीत आहे ते माइकवरून सांगणार. मामा मला उचलून बाहेर ठेवू शकतात, मी काही त्यांना थोपवू शकणार नाही. ठेवोत. पाचशे माणसांसमोर उचलून ठेवोत.

तुम्हीच मला शिकवलंय, जोड मोठी असली तरी मातीतून पळायचं नाही.

दामिनी


उदगीर,
५ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनी हिला आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहिले आणि चार वेळा चुलीत घातले. हे पाचवे आहे. आप्पासाहेबाला दाखवलेले नाही.

गौरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, शांता सगळ्यांत धाकटी. गौरी नऊ-दहा वर्षांची असताना पडायला लागली. चालता चालता पडायची आणि हसायची. एका वैद्याने सांगितले की हाडे कच्ची आहेत, मेहनत करवा. वडिलांनी ते काम मला दिले. मी तेव्हा तालमीत जोर मारायला लागलो होतो, अंगात मस्ती होती. तिच्याकडून अंगणात बैठका मारून घ्यायचो. ती म्हणायची, "आन्ना, बास की." मी म्हणायचो, "रडून मार, पन मार." तेच वाक्य तुझ्या पत्रात वाचले.

चौदाव्या वर्षी ती जमिनीवर बसली, ती पुन्हा उभी राहिली नाही. मग शांताला बघायला पाहुणे यायला लागले. एका घरात असे एक लेकरू असले की दुसऱ्याचे लग्न जमत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. वडील म्हणाले, मागच्या खोलीत ठेव. मी तिला उचलून कडब्याच्या खोलीत ठेवले आणि कडी लावली. पाहुणे जेवत होते. ती आतून हाक मारायला लागली, "आन्ना, आन्ना." पाहुण्यातला एक म्हणाला, "कोन हाका मारून राहिलं?" मी वाढत होतो. मी म्हटले, "शेजारची म्हातारी हाय. भ्रमिष्ट हाय."

हाक बंद झाली. तिने ऐकले होते.

शांताचे लग्न जमले. त्यानंतर गौरी पाच वर्षे त्याच खोलीत होती. माझ्याशी बोलली नाही. मी रोज तिला उचलून उन्हात ठेवायचो, ती तोंड फिरवायची. शेवटी श्वास पुरेना. चोवीस वर्षांची होती. माळवदावरून पडली हे मी नंतर बनवले. लोकांना सांगता सांगता मलाच खरे वाटायला लागले.

तू लिहिलेस की नातीची पोटरी मला ओळखता आली नाही. ते चूक आहे. मला ओळखता आली होती. तू आठ वर्षांची होतीस, मी तेल लावायला तुझ्या पोटरीला हात घातला आणि त्याच क्षणी कळले. हा हात गौरीच्या पोटरीवर फिरलेला आहे, तो फसत नाही. मी घाबरलो. बसलिंगप्पा कुणाला भ्यायला नाही म्हणतात, मी आठ वर्षांच्या पोरीच्या पायाला भ्यालो. म्हणून गावभर ओरडून सांगितले, पैलवानाच्या पोटऱ्या, पैलवानाच्या पोटऱ्या. ओरडले की खरे होईल असे वाटले. म्हणून बैठका. जे गौरीत मी हरलो ते तुझ्यात जिंकीन असे वाटले.

तुझा मी गुन्हेगार आहे. तुझ्या मोठ्या अज्जीचा, गौरीचा, त्याहून जास्त आहे.

लग्न थांबवायचे म्हणजे हे सगळे आप्पासाहेबाला सांगावे लागेल. तालमीला कळेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. लोक मला बघून पोरांना सांगतात, असं व्हा. मला अजून धीर होत नाही. तू म्हणशील तसे करू.

बसलिंगप्पा


नांदेड,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय अज्जा,

पत्र वाचून मी खूप रडले. आधी गौरम्मा अज्जीसाठी, मग माझ्यासाठी, आणि शेवटी, मला राग येत असतानाही, तुमच्यासाठी.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. अजून केलेलं नाही. तुम्हाला कळलं होतं आणि तरी तुम्ही मोजत होतात, एकशे नव्व्याण्णव, दोनशे. हे मला पचवायला वेळ लागेल. कदाचित पचणारही नाही. आणि तिची माफी माझ्या हातात नाही.

तुम्ही म्हणता, तू म्हणशील तसं करू. तर मी म्हणते.

चोरून काही करायचं नाही. दादा आणि पुनमला गुपचूप लातूरला नेऊन सुई टोचायची आणि निकाल पदराखाली झाकायचा, असं नको. ती पुन्हा कडब्याची खोलीच झाली. उघड्यावर करायचं. आणि पहिलं रक्त तुमचं. शिवदादाने आज मला सांगितलं, "अज्जा म्हनतील तसं." पुनमही तेच म्हणेल. सगळं घर तुमच्याकडे बघतंय, तर मग तुमचाच दंड आधी पुढे येऊ द्या.

माहीत नसणारी माणसं नुसती चुकतात, अज्जा. तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला आता चुकायची सवलत नाही.

शांतम्मा अज्जीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिने जपाची माळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला आईकू आलती तिची हाक. म्या बी गप बसले. नवी साडी नेसून बसले हुते." तिने आपलंही रक्त द्यायचं ठरवलंय. म्हणते, आन्नाच्या आधी देते. आता तुमची लाज तुम्ही राखा.

दामिनी


उदगीर,
२२ डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

शरणु.

आप्पासाहेबाने आणि शिवशंकराने तुला फोनवर सांगितले असेल. पण ते लोक आपापल्या सोयीने सांगतात. खरे काय झाले ते मी लिहितो.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी तालमीत सगळ्यांना बोलावले. पोरे लंगोट लावून उभी होती. जुने पैलवान आले, वीरशैव समाजाची चार माणसे आली. शिवशंकर नांदेडहून आला. लातूरहून रक्त घेणारा माणूस पेटी घेऊन आला होता, त्याला वाटले कुणाला कुस्तीत लागले. पुनमला म्हटले, तूही आत ये. बाईमाणूस तालमीत येत नाही म्हणून आप्पासाहेब ओरडायला लागला. मी म्हटले, "तालीम माजी हाय. तिच्या रक्ताची बात हाय, ती भाईर कामून ऱ्हाईल?" ती चप्पल काढून आत आली.

मी मातीत बसलो आणि सांगितले. गौरी कोण होती, तिला काय झाले होते, मी काय केले, पाहुण्यांना काय सांगितले. मधे थांबलो नाही. आयुष्यभर लोकांची पाठ मातीला लावली, त्या दिवशी माझी मी लावली. कुणी उठून गेले नाही. एक जुना पैलवान, माझ्याशी तीन वेळा लढलेला, मागून म्हणाला, "वस्ताद, माज्या बी घरात हाय आसं एक लेकरू. आमी त्याला भाईर काढत न्हाई." मग आणखी एकजण बोलला. मला वाटले होते थुंकतील.

दंड मी पुढे केला. माझ्यानंतर शिवशंकर, मग पुनम. आप्पासाहेब कोपऱ्यात उभा होता. पत्रिका वाटून झाल्या आहेत, मुहूर्त जाईल, तोंड काळे होईल, असे बडबडत होता. मी सांगितले, मुहूर्त माघात पुन्हा येतो.

तीन दिवसांमागे निकाल आले. माझ्यात आहे. शांतात आहे हे तुला ठाऊकच आहे. शिवशंकरात आहे. पुनममध्ये नाही.

आप्पासाहेबाने लगेच पेढे आणले. पुनमने पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. म्हणाली, "कागदावर आसतं तरीबी मला कुनी इचारलं आसतं का, लगीन करायचं का न्हाई म्हनून?" मग मी विचारले. समोर बसवून विचारले. तिने दोन दिवस मागितले आणि आज सकाळी हो म्हणाली. शिवशंकरालाही विचारले. तो म्हणाला, अज्जा म्हणतील तसे. त्याला मी एक शिवी दिली आणि पुन्हा विचारले. तेव्हा तो लाजून हो म्हणाला. लग्न माघात आहे. खुर्ची नाचवायचे तू कबूल केले आहेस.

आता तुझ्याशी बोलायचे राहिले ते.

तालमीचा उंबरा तू पाहिला आहेस, गुडघाभर उंच. त्याला डोके टेकवूनच आत जायचे, ही आमच्या वडिलांची रीत. गौरी लहानपणी त्या उंबऱ्याच्या बाहेर बसून कुस्त्या बघायची. तिला आत यायचे असायचे. मी म्हणायचो, उंबरा चढून ये मग. तिला चढता येत नव्हते.

आज तो उंबरा मी काढला. पहार माझ्याच हातात होती. पोरे म्हणाली, वस्ताद, आमी करतो. दिली नाही. दगड जुना, बसलेला, दुपारपर्यंत हलला. साखराबाईंकडून तुझ्या खुर्चीचे माप मागवले होते, त्या हिशेबाने चौकटही दोन बोटे तासली. आतपर्यंत माती दाबून उतार केला आहे. चार पोरांना एकमेकांच्या खांद्यावर बसवून त्यावरून चालवले, धसत नाही.

माफी मागत नाही. तू द्यायची तेव्हा दे, नाही दिलीस तरी उंबरा आता परत बसणार नाही.

माझ्याकडे चाळीस पोरे आहेत. बैठका किती मारायच्या एवढेच मी त्यांना शिकवले. पोटरी कशावर उभी असते ते मला कधी माहीतच नव्हते. तू येऊन त्या खुंट्यांचे सांग. त्यांच्याही घरात कुणी कडी लावून ठेवलेले असेल, ते त्यांनी घरी जाऊन उघडावे.

मारुतीच्या गळ्यातले मशीन काढून मी कानात घातले आहे. पहिल्या रांगेत बसतो. ये.

तुझा अज्जा,
बसलिंगप्पा